कचऱ्याचे डबे बघून निवडलेलं कॉलेज

नववीत असताना मी पहिली भिंत रंगवली. अलिबागहून मांडव्याकडे जाताना खाडीच्या अंगाला जी आगरी गावं लागतात, त्यातलं एक आमचं. आमच्याकडे लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत रंगवतात. वर गणपती, दोन बाजूंना मोर, मधे 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीची ठसठशीत नावं. हे काम करायला पेणहून एक पेंटर यायचा. त्या वर्षी तो आलाच नाही आणि हळद परवावर आली, तेव्हा शेजारच्या काकीने माझ्या हातात ब्रश दिला.

"तुझी चित्रकला चांगली हाय ना गो? मग काढ."

मी दिवसभर खपून भिंत काढली. संध्याकाळी काकी बाजारातून आली आणि गल्लीच्या वळणावरच थांबली. "बाकी समदं झ्याक हाय," ती तिथूनच ओरडली, "पन नवरीचं नाव कुठं हाय?"

नाव भिंतीवर होतं. पण आमची गल्ली इतकी अरुंद, की भिंतीसमोर उभं राहून कोणी बघतच नाही. सगळे वळणावरून तिरके येतात, आणि तिरकं बघितलं की पलीकडच्या टोकाची अक्षरं एकमेकांत घुसतात. दुसऱ्या दिवशी मी अर्धी भिंत पुसली आणि पलीकडची अक्षरं मुद्दाम रुंद, ऐसपैस काढली. समोरून ती विचित्र दिसत होती. वळणावरून मात्र नवरा आणि नवरी एका मापाचे दिसले. काकी खूश झाली. बारावीपर्यंत मी आसपासच्या गावांतल्या किती भिंती काढल्या, ते आता आठवत नाही.

बारावीला आल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरात आला. आजोबांची मिठागरं होती. बाबांनी ती सोडून ट्रक घेतला होता, पुढे दुसराही घेतला. त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासाठी नर्सिंग होतं, नाहीतर अलिबागला बी. कॉम. चित्रकलेच्या सरांनी, जे आम्हाला पी. टी.सुद्धा शिकवायचे, एकदा घरी येऊन सांगितलं की हिला चित्रकलेकडेच जाऊ द्या. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हीत हिला 'ए' ग्रेड आहे. बाबांनी सरांना चहा पाजला, आदराने फाटकापर्यंत सोडलं आणि परत येऊन मला म्हणाले, "बाय, चित्र काढून मानूस करतो काय? मना कुनी दाखव, जो चित्र काढून घर चालवतो."

मला दाखवता येईना. पेणच्या पेंटरशिवाय कोणाचं नाव आठवेना, आणि तो तर येईनासा झाला होता.

माझ्या मनात मात्र एक जागा आधीच पक्की झाली होती. मोबाईलवर नवी मुंबईतल्या एका डिझाईन इन्स्टिट्यूटची जाहिरात सारखी यायची. काचेची इमारत, पांढऱ्या टेबलांवर मोठाले कॉम्प्युटर, केस मोकळे सोडून हसणाऱ्या मुली. 'तुमचं करिअर इथून सुरू होतं' असं काहीसं खाली लिहिलेलं. मी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला होता, की त्यातल्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हेही मला माहीत होतं.

बाबांना उत्तर मिळालं ते त्यांच्या स्वतःच्या धंद्यात. नागोठण्याच्या पुढे एका कारखान्यातून ते पुठ्ठ्याचे खोके भरायचे. एक दिवस माल चढायला उशीर होता, म्हणून ते खोक्यांच्या थप्पीजवळ बसून राहिले. बिस्किटांचे खोके होते. त्यांवर गव्हाच्या लोंब्या, दुधाचा पेला, सगळं नीट काढलेलं. त्यांनी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "हे चित्र कोन काढतो?"

"वर ऑफिसात मॅडम बसतात," तो म्हणाला.

"पगारावर?"

"मग काय फुकट?"

बाबा सरळ जिना चढून वर गेले. त्यांच्या अंगावर ट्रकचेच कपडे होते. मॅडमसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, की माझी पोरगी लग्नाच्या भिंती काढते, तिला तुमच्यासारखं व्हायचं असेल तर कुठे घालावं? हे मला त्या बाईंनीच नंतर हसत हसत सांगितलं. त्यांनी बाबांना सांगितलं होतं, शनिवारी मुलीला घेऊन या.

शनिवारी मी ट्रकमध्ये बसून गेले. मला वाटलं होतं, बाई मला माझी चित्रं दाखवायला सांगतील. मी नेलेल्या चित्रांच्या वहीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी टेबलावरचा एक खोका उचलला, त्याच्या चिकटवलेल्या कडा पट्टीने सोडवल्या आणि तो पूर्ण उलगडून, कोरी बाजू वर करून माझ्यासमोर पसरला. एवढा मोठा खोका कडांना कान असलेल्या सपाट कागदासारखा पडला होता.

"आता सांग, गव्हाची लोंबी कुठल्या बाजूवर येते?"

मी बराच वेळ बघितलं आणि चुकीची बाजू दाखवली. त्या म्हणाल्या, "चालेल. पहिल्यांदा सगळे तीच दाखवतात. चित्र काढणं हा या कामातला लहान भाग आहे. मोठा भाग हा, की हे दुमडल्यावर काय होईल ते आधी दिसलं पाहिजे."

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, मी चित्रकार होणार. परत येताना वाटायला लागलं, की मला हेच हवंय. दुमडल्यावर काय होईल ते आधी दिसणं.

निघताना बाबांनी विचारलं, "मॅडम, कॉलेज कुठलं चांगलं?"

"नाव मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळचं चांगलं आज चांगलं असेलच असं नाही. पण बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून राहू नका. तिथल्या मुलांशी बोला. गेल्या वर्षीची मुलं आज कुठे काम करतात ते विचारा, आणि त्यातल्या एकाशी तरी फोनवर बोला. आणि हो, वर्गातले कचऱ्याचे डबे बघा."

"कचऱ्याचे?" मी विचारलं.

"जिथे मुलं खरोखर काम करतात तिथे कागद फुकट जातो."

आधी आम्ही काचेच्या इमारतीत गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी दिवाळीचा ड्रेस. दारातच एका तरुण मुलीने आमचं स्वागत केलं, बाबांना 'सर' म्हटलं आणि थंड कॉफी दिली. बाबांनी ती औषधासारखी एका दमात संपवली. मग तिने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. जिना व्हिडिओत होता तसाच होता. मी त्याच्यावरून चढताना पायऱ्या मोजल्या, बरोबर तितक्याच होत्या.

बाबांनी विचारलं, "मागल्या वर्षीची पोरं आता कुठं हायत?"

तिने एक पुस्तिका उघडली. हसरे चेहरे, खाली मोठमोठ्या कंपन्यांची चिन्हं.

"यातल्या एकाचा नंबर भेटंल?"

"सॉरी सर, तशी पॉलिसी नाही आमची."

"बरं, इथं आता जी पोरं हायत त्यांच्याशी बोलू?"

"आज सुट्टी आहे सर. पण आमचे काउन्सेलर आहेत ना."

वर्गात मी डबे बघितले. चकचकीत होते आणि त्यांत नव्या पिशव्या होत्या. मी मनाशी म्हटलं, सुट्टी आहे, आज स्वच्छ असणारच. भिंतीवर विद्यार्थ्यांची पोस्टरं होती. ती सुंदर होती, पण तिसऱ्या पोस्टरपाशी मला कळलं की सगळ्यांत अक्षरांचं वळण एकच आहे आणि तेच दोन रंग. ते मी बाबांना सांगितलं नाही. मला ते बघायचंच नव्हतं.

आम्ही परतीची एसटी पकडली. पेणला गाडी थांबल्यावर बाबा म्हणाले, "मना यातला काय कळत न्हाय. पन ती पोरगी चांगली होती, आनि मी इचारलं त्याचा एकपन जवाब तिनं दिला न्हाय."

"तुम्हाला मला पाठवायचंच नाहीये," मी म्हटलं. हे खोटं आहे हे बोलतानाच मला ठाऊक होतं. पाठवायचं नसतं तर तो माणूस ट्रकच्या कपड्यात कोणाचा जिना चढला नसता.

ते रागावले नाहीत. "आजून एक जागा बघू," म्हणाले. "मग तू ठरव. मी मधी बोलनार न्हाय."

दुसरी जागा मुंबईत होती. सकाळी मांडव्याहून बोट पकडली, गेटवेला उतरलो आणि तिथून बसने गेलो. जुनी इमारत, खाली बँक, वर कॉलेज. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद होता. पण तो कागदसुद्धा कोणीतरी मन लावून लिहिला होता: अक्षरं पायऱ्यांसारखी एकेक वर चढत गेलेली. मी त्याच्यापुढे थांबले. बाबा दोन मजले वर पोचून मला हाका मारत होते.

वर कोणी स्वागताला नव्हतं. एका मोठ्या खोलीत वीसेक मुलंमुली जमिनीवर बसून पुठ्ठे कापत होती. कोणाच्या केसांना डिंक, कोणाच्या बोटाला चिकटपट्टी. कचऱ्याचा डबा भरून वाहत होता आणि शेजारी दुसरा कोणीतरी पुठ्ठ्याचाच बनवून ठेवला होता. तोही भरला होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी भुवया वर केल्या.

दाराजवळच्या मुलीला मी विचारलं, काय करताय? ती अंडी ठेवायचा खोका करत होती. तो तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकायचा आणि अंडं फुटायला नको, असं काम त्यांना दिलेलं होतं.

"आत्तापर्यंत किती फुटली?" बाबांनी तिला विचारलं.

"काका, आज रात्रीही आमच्याकडे ऑम्लेटच आहे," ती म्हणाली. बाबा इतके मोठ्याने हसले, की सगळ्यांनी माना वळवल्या.

त्या हसण्यामुळेच तिथल्या मास्तरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हातात कात्री. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर त्यांनी आम्हाला तिथेच स्टुलांवर बसवलं. मी चित्रांची वही पुढे केली. त्यांनी ती चाळली. फळांची परडी, निसर्गदृश्य, मानवाकृती. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"घरी काय काढतेस?"

"घरी नाही. भिंती काढते, लग्नाच्या." मी मोबाईलवरचे फोटो दाखवले. हे दाखवायला मला लाज वाटत होती. काचेच्या इमारतीत मी ते दाखवलेच नव्हते.

एका फोटोपाशी त्या थांबल्या. तो समोरच्या घराच्या आतून काढलेला होता. "ही अक्षरं उजवीकडे अशी फुगत का गेलीत? हात सुटला?"

"नाही," मी म्हटलं. "गल्ली अरुंद आहे. लोक डावीकडून येतात. समोर उभं राहायला जागाच नाही." आणि मी पुढचा फोटो दाखवला, वळणावरून काढलेला, ज्यात नवरा-नवरी एका मापाचे दिसत होते.

बाई काही क्षण दोन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिल्या. मग त्यांनी खोलीकडे वळून हाक दिली, "ए, सगळ्यांनी जरा इकडे या." वीसेक जण माझ्या फुटक्या काचेच्या मोबाईलभोवती जमले आणि बाईंनी मला म्हटलं, "सांग यांना." मी सांगितलं. माझ्या आवाजात आमच्या गावची बोली जशीच्या तशी होती, आणि त्या दिवशी ती लपवायचं मला सुचलंच नाही.

बाबांनी आपला प्रश्न इथेही विचारला. मागल्या वर्षीची पोरं कुठं हायत?

"काही कामाला लागली," बाई म्हणाल्या. "काही अजून शोधतायत. दोघांनी सोडून दिलं आणि दुसरंच काहीतरी करतायत. आम्ही शेवटच्या वर्षी प्रत्येकाला सहा महिने बाहेर कामावर पाठवतो, त्यामुळे बऱ्याच जणांना तिथूनच वाट सापडते. पण सगळ्यांना लगेच नोकरी लागते असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि पहिल्या वर्षी हिला कंटाळा येईल. नुसत्या रेघा आणि कापाकापी." मग त्यांनी एका कागदावर तीन नंबर लिहून दिले. तिघांनाही आधी विचारून घेतलं, आमच्यासमोरच, फोनवर.

परतताना बोटीच्या वरच्या मजल्यावर आम्ही वडापाव खाल्ला. पाण्यावर ऊन पडलं होतं आणि बाबांचा चेहरा निवांत होता. "जो मानूस गाडी इकताना आधीच सांगतो का दुसरा गिअर अडतो," ते म्हणाले, "त्याची गाडी डोले झाकून घ्यावी." मग त्यांना आपलं वचन आठवलं. "पन मी मधी बोलत न्हाय हां. तू ठरव."

मी मांडव्याच्या धक्क्यावर उतरेपर्यंत ठरवलं होतं.

खरी अडचण मग आली, ती म्हणजे आई. तिला कॉलेज, डिझाईन, कशाबद्दलच तक्रार नव्हती. तिला भीती होती ती पाण्याची. रोज बोटीने जायचं आणि रोज यायचं, हे तिला मान्य नव्हतं. "मी खाडीकाठची. पानी काय असतं ते मला नको सांगू," ती म्हणायची. शेवटी ठरलं, आठवडाभर आत्याकडे परळला राहायचं आणि शनिवारी बोटीने घरी यायचं. आईने तेही मान्य केलं नव्हतंच; आठवड्यातून एकदा का होईना, बोट होतीच.

तिचं मन फिरलं ते माझ्या प्रवेश परीक्षेमुळे. परीक्षेच्या आधी एक काम घरून करून न्यायचं होतं: तुमच्या घरातली किंवा गावातली एक वस्तू, जी नीट काम करत नाही, ती सुधारून आणा. मी दोन दिवस डोकं धरून बसले. पाण्याचा हंडा, कपड्यांची दोरी, काहीच जमेना. आई आणि तिच्या बचत गटातल्या बायका मोठ्या रस्त्यावर टेबल टाकून सुकी मासळी विकायच्या. त्या दिवशी ती जवळ्याच्या पिशव्या भरत होती.

"माझं काम कर की मग," ती म्हणाली. "मुंबईची मानसं गाडी थांबवतात, जवळा हातात घेतात, वास घेतात आनि परत ठेवतात. गाडीत वास येईल बोलतात. पिशवी सुधार माझी."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघी त्याच्यामागे लागलो. मी पुठ्ठा दुमडायचे, ती जवळा भरायची, मग तो खोका आम्ही बंद कपाटात ठेवायचो आणि सकाळी कपाट उघडून बघायचो, वास आला का. पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी कपाटातल्या बाबांच्या शर्टांनाही आला आणि बाबांनी तसाच शर्ट घालून अलिबागचं काम उरकलं. चौथ्या दिवशी आईला सुचलं, की झाकण वरून नको, बरणीसारखं आत शिरणारं हवं. तिने ते पोस्टकार्डावर करून दाखवलं. तिचे हात माझ्याहून जलद होते. भाकऱ्या थापणारे हात.

परीक्षेत मी खोका टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की वास एक दिवस थांबतो, दुसऱ्या दिवशी येतो. आणि झाकण माझ्या आईने केलंय. समोरच्या तिघांपैकी एकाने खोका नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "भूक लागली."

माझं नाव यादीत आलं. आईने गटातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, की परीक्षा आम्ही दोघींनी दिली होती. त्यानंतर पाण्याचा विषय तिने काढला नाही.

कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं तसा पहिल्या वर्षी मला कंटाळा आला. हाताने सरळ रेघ मारायला शिकण्यात महिना गेला. तिसऱ्या वर्षी एक वेळ अशी आली, की मला वाटलं सगळं सोडून गावाला जावं. माझ्याहून हुशार मुलं चहूकडे होती आणि माझे खोके कोलमडत होते. पण मग अंडी फुटायची थांबली. शेवटच्या वर्षीचे सहा महिने मी एका छोट्या स्टुडिओत काम केलं आणि तिथेच राहिले. आज मी औषधांचे, मसाल्यांचे, आंब्यांचे खोके करते. अर्धा आठवडा मुंबईत, अर्धा घरी, माडीवरच्या एका खोलीत, जिथे माझं टेबल खिडकीला लावलेलं आहे.

एका कामाच्या ठिकाणी माझी ओळख काचेच्या इमारतीत शिकलेल्या एका मुलीशी झाली. ती फार चांगलं काम करते. मी तिला विचारलं, तिथे कसं होतं? "जसं मी करून घेतलं तसं," ती म्हणाली. ते मला पटलं. मी तिथे गेले असते तर बुडालेच असते असं आता मी म्हणत नाही. मला मात्र कोणीतरी 'हे का?' असं विचारायला हवं होतं, आणि तसं विचारणारी माणसं मला तिथे भेटली नव्हती.

आता आमच्याकडची माणसं आपल्या मुलामुलींना घेऊन माझ्याकडे येतात. ही चित्र छान काढते, कुठे घालू? मी कॉलेजचं नाव सांगत नाही. एकदा फिरून या, मुलांशी बोला, मग पुन्हा या म्हणते.

गेल्या महिन्यात म्हसळ्याहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. आई सगळं बोलत होती, मुलगी जमिनीकडे बघत होती. मी तिच्या आईला खाली माझ्या आईकडे चहाला पाठवलं आणि मुलीला विचारलं, तुला काय बघायला आवडतं? तिची नजर माझ्या पायांकडे वळली. मग म्हणाली, "चपला."

"म्हणजे?"

"लोकांच्या चपला कशा झिजतात ते. माझ्या आजीची डावी टाच आधी जाते."

मी माझी जुनी सँडल काढली, कटर आणला आणि आम्ही दोघींनी मिळून तिचा तळ फाडला. आत तीन थर निघाले: रबर, मधे पुठ्ठ्यासारखं काहीतरी आणि वर फोम. मुलगी एकेक थर बोटांनी चाचपत, वास घेत, शिवणीचे टाके मोजत बसली. खालून तिच्या आईने दोनदा हाक मारली, गाडी चुकेल म्हणून. दोन्ही वेळा तिच्या वतीने मीच ओ दिली.